तीन महिन्यांची दाढ

माझी दाढ तीन महिने दुखली. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी बरोबर तीन वाजता. इतकी वक्तशीर दाढ अख्ख्या कडाव गावात कुणाला नसेल.

त्या वेळेला मी भिसेगावात इंग्रजी बोलण्याच्या क्लासला बसलेली असे. जवळच्या एका रिसॉर्टला पाहुण्यांच्या स्वागताला बाई हवी होती, आणि मला ती नोकरी हवी होती. सासऱ्यांचं मत असं, की सुनेची बारावी झाली हेच जरा जास्त झालं. त्यांना कळतं तर क्लास त्याच दिवशी बंद झाला असता. म्हणून घरी सांगितलं, भिसेगावातल्या डॉक्टरकडे रूट कॅनल चाललंय.

सासूबाईंनी माझ्या दाढेचं फारच मनावर घेतलं. घरदार मिटक्या मारत चिंबोऱ्यांच्या नांग्या फोडायचं आणि माझ्यापुढे पेज. नवऱ्याने एखादी चिंबोरी माझ्याकडे सरकवली तर त्या लगेच म्हणत, "तिला नको रं देऊ, दाढ दुखतेय तिची." मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पेज गिळत होते.

एका शुक्रवारी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'टू पुल द वूल ओव्हर समवन्स आइज'. म्हणजे एखाद्याच्या डोळ्यांवर लोकर ओढणे. आपण धूळ फेकतो, पण थंडीच्या देशात धूळ मिळत नसावी. स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य करा, असं सर म्हणाले. बाकीच्या बायका पेन चावत बसल्या. मी तडक लिहिलं, की मी माझ्या सासूच्या डोळ्यांवर लोकर ओढली आहे. सरांनी वहीत 'गुड' दिलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघीच जेवायला बसलो होतो. सासूबाईंनी माझ्या ताटात चिंबोरी वाढली.

"खा. झाली आता दाढ बरी."

"डॉक्टर म्हणाले, अजून एकदा..."

"त्याच डाक्तरकडं गेलेले मी कवळी दाखवाया, दुसऱ्याच आठवड्यात. म्हनला, तुमची सून कधी आलीच नाय. परत येताना क्लासात बसलेली दिसलीस."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग रागच आला. "मग तीन महिने मला पेज कशाला पाजलीत?"

"पयल्याच दिवशी दाढ दाखवून आलीस न् समद्यांसमोर चणे खात बसलीस. तुजे सासरे बघत व्हते. पेज नसती घातली तर कुनाला पटली असती तुजी दाढ?"

"मला सांगायचंत तरी."

"सांगितलं असतं तर तू 'जाऊ का' इचारलं असतंस, न् मला नाय म्हनावं लागलं असतं. सासू हाय मी."

मी चिंबोरी फोडली. लाज वाटत होती, आणि चिंबोरी फार छान झाली होती.