शाळेच्या अंगणात टिकाव

मी टिकाव डोक्यावर उचलला आणि त्याचं लोखंड दांड्यातून निसटून माझ्या मागे धप्पकन पडलं. खाणीत राबणाऱ्या माणसांचं आयुष्य कसकसं बदलत गेलं, हे चौथीच्या वर्गाला मी अंगणात करून दाखवत होतो. बायकोचं मत असं, की तुम्ही शिकवत नाही, नमन-खेळ्यांतलं सोंग आणता.

पोरं पोट धरून हसली. पहिल्या रांगेतली एक मुलगी तेवढी दयेनं म्हणाली, "सर, दांडा आधी पाण्यात भिजवायचा असतो. लाकूड फुगतं." तिचे वडील कुंपणापलीकडच्या जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत मशीनवर असतात. तिला ठाऊक असणारच.

आणखी एक जण हसला नव्हता. पाठासाठी मी गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांना बोलावलं होतं. हयात हातानं चिरे काढण्यात गेलेली. ते माझ्या खुर्चीवरून उठले, पडलेलं लोखंड उचललं आणि त्याच्या पाठीनं जमिनीवर ठोकलं. पायरीशी आवाज आला ठण्ण. चार पावलं कुंपणाकडे गेले, तिथंही ठण्ण. पुढे कुंपणालगतच्या झेंड्याच्या खांबाशी मात्र भद्द.

मला वाटलं, बाबा रंगात आले. मी उत्साहानं म्हटलं, बघा मुलांनो, पूर्वी दगड असा आवाजावरून ओळखत. वहीत लिहून घ्यायलाही सांगितलं. पोरांनी 'भद्द' हा शब्द इमानेइतबारे उतरवून घेतला.

बाबा वर्गाच्या कोपऱ्यापर्यंत ठोकत गेले. भद्द, भद्द. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, ह्या अंगाला कोण बसतं?"

"चौथी."

त्यांनी समजावलं ते असं. तांबड्या चिऱ्याखाली पांढरी शेडी माती असते, भिजली की लोण्यासारखी. हातानं काढणारे शेवटचा थर सोडून द्यायचे, आणि घर, वाट, विहीर यांच्या जवळ टिकाव लावायचेच नाहीत. मशीनला कुठले कान? शेडी उघडी पडली, की पावसाचं पाणी ती पोखरून नेतं. "वर नुसतं झाकण ऱ्हातं. वरनं काय दिसत नाय. आणि एक दिस झाकण बसतं."

दिवाळीनंतर मशीन पुन्हा सुरू झालं होतं. त्याची घरघर इतकी सवयीची, की जेवायच्या सुट्टीसाठी ते थांबलं तेव्हाच ती मला ऐकू आली. त्या शांततेत ती मुलगी म्हणाली, "माझ्या बाबांना कुंपणापर्यंत चिरा काढायला सांगितलंय."

वर्गातल्या फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, की पूर्वी हे काम धोक्याचं होतं. मी आत गेलो, आणि का कोण जाणे, आधी ते पुसलं. मग दप्तरं उचलायला लावून सगळ्यांना देवळाच्या मंडपात नेलं. तहसील कार्यालयात फोन केला. पाहणीला माणूस पाठवतो म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत.

संध्याकाळी खाणीत उतरून वर पाहिलं. आमचा वर्ग फडताळावर डबा ठेवावा तसा तांबड्या दगडाच्या कडेवर होता. खाली पांढऱ्या मातीत हातभर खोल पोकळ्या, आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. नेमकं तिथंच मुलीचे वडील मशीनचं पातं पुसत बसले होते. मी वर बोट दाखवलं. ते रोजच बघतो म्हणाले, आणि मुलगी अभ्यास करते ना, असं विचारलं. त्यांना म्हटलं, निदान इथं बसू नका. ते हसले, आणि चार हात सरकून बसले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पोरं वेळेवर हलवली, याबद्दल एखादा बरा शब्द येईल अशी माझी समजूत. ती पडवीत बांगडे साफ करत होती. गेल्या वर्षी स्वस्तात पडले म्हणून आम्ही घराच्या कुंपणाच्या गडग्याला चिरे घातले, त्याकडे तिनं मानेनंच खूण केली.

"अहो, हे त्याच खाणीतले ना? मग उद्या देवळात पाठ घ्याल, तो इथनं सुरू करा."