जपानी पुस्तकातले पांढरे फुगे

मी एकोणीस वर्षांची होते आणि पाच फूट आठ इंच उंच. या उंचीचा कॉलेजात तोवर एकच उपयोग झाला होता : शेवटच्या बाकावरूनही फळा नीट दिसायचा. नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. आपल्याकडच्या मुली जगात जाऊन सौंदर्याचे मुकुट जिंकून आणत होत्या, आणि गोखिवऱ्याच्या आमच्या सोसायटीतल्या बायका मला जिन्यात अडवून म्हणायच्या, "अगं, तू का नाही फॉर्म भरत?" शेवटी मीच 'नवे चेहरे हवेत' ही जाहिरात पेपरातून कापून घरी दाखवली. बाबा म्हणाले, "परीक्षा सांभाळून काय ते कर." आईनं मला फोटो काढायला नेलं.

स्टेशनाजवळच्या त्या स्टुडिओत फोटो मालक काढायचे आणि फोटोंवर हात फिरवायला एक तरुण चित्रकार होता. जवळच्या गास गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. बारीक ब्रशनं तो लोकांच्या पुटकुळ्या आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायचा. जाहिरात देणाऱ्या अंधेरीच्या मॉडेलिंग एजन्सीनं माझे फोटो पाहिले आणि मागे लाल पेनानं सूचना लिहून परत दिले. रंग उजळ करा. दंड बारीक करा. मानेवरचा तीळ काढा.

मी ते स्टुडिओत नेऊन दिले. दोन दिवसांनी त्या चित्रकारानं पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"सगळं केलंय. पण आता ही कोण आहे, ते मला माहीत नाही."

मला राग आला. घरी जाऊन फोटो पाहिला, तर मलाही ती ओळखू येईना.

तरी मी जात राहिले, एजन्सीत आणि नव्या फोटोंसाठी स्टुडिओतही. एजन्सीत मला काकडी आणि ताकावर राहायला सांगितलं होतं. एकदा स्टुडिओच्या पायरीवरच मला घेरी आली. त्यानं पाणी दिलं आणि डब्यातून सुकेळी काढली, घरी उन्हात वाळवलेली केळी. "एक खा. एकानं कुणी जाड होत नाही." मी चार खाल्ली. त्यानं मोजली नाहीत, निदान तसं दाखवलं नाही.

त्याच्याकडे एक जपानी पुस्तक होतं, गोखिवऱ्यातल्या रद्दीवाल्याकडे मिळालेलं. जवळच्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या जपानी इंजिनियरांनी मागे टाकलेल्या कागदांत ते होतं. जाडजूड चित्रकथा, मागून पुढे वाचायची. त्यातलं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं, पण गोष्ट कळत होती. एक उंच मुलगी मॉडेल होते, आणि फोटोग्राफरच्या साहाय्यकाचा तिच्यावर जीव जडतो. दुपारी मालक जेवायला गेले की तो फोटोंवर वापरायच्या पांढऱ्या रंगानं बोलण्याचे फुगे रंगवायचा. ते वाळले की आम्ही त्यांत मराठी लिहायचो. मुलीचं बोलणं माझं, त्या साहाय्यकाचं त्याचं. त्याचा नायक पंधरा पानं नुसता "चहा घेणार?" एवढंच विचारत होता.

अशात एजन्सीच्या माणसानं मला कॅलेंडरच्या कामासाठी बोलावलं. भर दुपार होती. त्यानं केबिनचं दार लावलं, खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. काय बोलला ते सगळं मला पाठ आहे. पाणी पिऊन येते, असं सांगून मी बाहेर पडले ती थेट घरी. कुणालाही काही सांगितलं नाही. आई जेवताना विचारायची, "कसं चाललंय?" मी म्हणायचे, "बरंय."

आठवड्यानं पुस्तकात एक पान आलं. बंद दार, टेबलापलीकडे एक माणूस, समोर मुठी आवळून बसलेली मुलगी. मी पेन्सिल घेतली आणि माणसाच्या फुग्यात लिहिलं, "काम तुझंच आहे. फक्त साहेबांना खूश ठेव. सगळ्याच करतात, तुझ्या अंगाला काय सोनं लागलंय?" मुलीच्या फुग्यात काही लिहिता येईना.

त्यानं ते वाचलं. ब्रश खाली ठेवला.

"हे तू रचलंस?"

"नाही."

"कुणाला सांगितलंस?"

"तुला. आत्ता."

त्यानं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "आईला सांग. मी येतो. खाली जिन्यापाशी उभा राहीन."

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. त्या दुपारी ती शाळेतून येऊन मेथी निवडत बसली होती. मी तिच्यापुढे ते पान उघडून धरलं, बोट ठेवून दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. "हात लावला?" मी गुडघा दाखवला. तिनं मेथीची जुडी बाजूला सारली आणि माझा गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला, मी लहानपणी पडून आले की धरायची तसा. मग खिडकीबाहेर पाहत तिनं विचारलं, "खाली कोण उभं आहे? मघापासून बघतेय." मी सांगितलं. "मग वर बोलव. ऊन केवढं आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेऊन ती माझ्यासोबत अंधेरीला आली. तो माणूस म्हणाला, "मॅडम, गैरसमज होतोय." आई वर्गात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "मला नीट समजलंय. हिचे सगळे फोटो परत द्या." त्यानं दिले.

बाहेरच्या बाकावर एक मुलगी बसली होती, माझ्याहून लहान. ती विरारची होती, आम्ही दोन-तीनदा तिथेच भेटलो होतो. आई तिच्याजवळ थांबली.

"बाळा, एकटीच आलीस? चल आमच्याबरोबर."

"नको काकू, आज माझं सिलेक्शन आहे."

आईनं आमचा फोन नंबर लिहून चिठ्ठी तिच्या हातात दिली. फोन कधी आला नाही. मी तिच्या शेजारी बसून तिला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं. तेव्हा मला जिना उतरायची घाई झाली होती. त्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मी बी.एड. केलं. चार वर्षांनी आमचं लग्न झालं. त्यानं मला विचारलं ते पुस्तकातून नाही, गासच्या रस्त्यावर, सायकल हातात धरून, आणि तेही अडखळत. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा दाराच्या चौकटीवर माझं डोकं दाणकन आपटलं. सासूबाई धावत आल्या, "पानी आना रे कोनी!" म्हणून ओरडल्या, आणि माझ्या कपाळावर ओला पदर दाबत मुलाला म्हणाल्या, "उद्याच सुताराला बोलव. दार उंच करून घेऊ."