रिव्हर्सवाले काका

रविवारी सकाळी अंबाजोगाईत एका गॅरेजच्या आवारात जुन्या गाड्यांचं वेड असलेली आम्ही चार-सहा माणसं जमतो. माझं औषधांचं दुकान आहे आणि वडिलांच्या वेळची एक पांढरी मोटार आहे. आमच्यातले अण्णा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांची स्वतःची गाडी नाही, पण दुसऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकून तिला काय होतंय ते सांगायला त्यांना फार आवडतं. आणि भाई. भाईंचं बाजारात फळांचं दुकान आहे आणि त्यांच्याकडे हिरवी उघडी जीप आहे. ती ते दुकानासमोरच लावतात, लाल रुमालानं पुसत बसतात.

त्या उन्हाळ्यात एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरायला लागला. डोंगरातला चढाचा रस्ता. त्यावरून एक हिरवी जीप उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये, वर चढतेय. मागच्या बाजूला मुंडावळ्या बांधलेला नवरदेव बसलाय, जीप उलटी असल्यामुळे तोच सगळ्यात पुढं. ड्रायव्हर मान मागं वळवून चालवतोय. अंगात ढगळ शर्ट, डोक्याला आणि तोंडाला लाल रुमाल, डोळे तेवढे उघडे. पाठीमागून बँड पळतोय. कुणीतरी त्याला ‘रिव्हर्सवाले काका’ म्हटलं आणि तेच नाव पडलं.

हिरवी जीप, लाल रुमाल. अंबाजोगाईत कुणाला शंकाच उरली नाही. भाईंच्या दुकानासमोर पोरं फोटोला उभी राहायला लागली.

“अरे, मैं नहीं वो,” भाई म्हणायचे. “मी नवरदेव काहून नेऊ? मी फळं विकतो!”

पण नाही म्हणतात म्हणजे मोठ्या मनाचे आहेत, असं लोकांचं ठरलं. एका बाईंनी तर पपई घेताना त्यांना हात जोडले. हळूहळू भाईंनाही ते थोडं आवडायला लागलं असावं. दाढीला मेंदी लागली. मग एका संध्याकाळी पोरांनी फारच गळ घातली, “भाई, थोडी रिव्हर्स घ्या की!” भाई बसले, मान वळवली, गेर टाकला आणि जीप थेट स्वतःच्याच टरबुजांच्या ढिगात घातली.

पुढच्या रविवारी ते गॅरेजवर आले ते तावातच.

“त्या माणसाला शोधा. त्याची इज्जत त्याला देऊन टाकू. आपल्याला न्हाई झेपत.”

आम्हाला तेवढंच पाहिजे होतं. कारण त्या व्हिडिओनं आमची झोप उडवलेली होती, ती वेगळ्या कारणानं. चढावर एवढं लांब रिव्हर्समध्ये कुणी कशाला जाईल? पुढचे गेर पडत नसतील तर मुळात जीप वळवली कशी? आम्ही मोबाईल मधे ठेवून व्हिडिओ थांबवत थांबवत बघत होतो. भाईंच्या जीपचं जादा चाक बाजूला आहे, ह्या जीपचं मागच्या फळीवर होतं. चाकाशेजारी रंगवलेला मोर होता, अर्धा उडालेला.

मोर दिसताच अण्णा उठूनच उभे राहिले. “ही मी पाहिलीय बे! लिंबागणेशला. चतुर्थीला देवळाबाहेर उभी असती.”

माझ्या पांढऱ्या मोटारीत बसून आम्ही तिघं निघालो. केज, नेकनूर मागं टाकून लिंबागणेशला पोचेस्तोवर आमच्यात एकच विषय. अण्णांच्या मते तो मिलिटरीतून आलेला माणूस असणार. मान एवढी वळलेली असताना हात असे शांत राहत नाहीत. भाईंच्या मते जुना ट्रकवाला. मला तो तरणा वाटत होता.

देवळाजवळच्या हॉटेलात चहा घेतला आणि रिव्हर्सवाले काका कुठं राहतात म्हणून विचारलं. हॉटेलवाला कप विसळता विसळता हसला.

“काका न्हाई भेटायचे. पण गाडी हाय. सरळ जावा, टाकीपासल्या वस्तीवर.”

वस्तीवर लिंबाखाली मोराची जीप उभी होती. ओसरीत एक उंच, सडपातळ बाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

अण्णा म्हणाले, “काका हायेत का घरी? जीप चालवणारे?”

“जीप मीच चालवते,” त्या म्हणाल्या.

त्यांनी आत हाक मारली, तसे त्यांचे यजमान पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. “मला घाटात चक्कर येती,” ते कुणी न विचारताच म्हणाले. “पहिल्यापासून हीच चालवती.”

सासऱ्यांनी त्यांना जीप शिकवली होती, डेअरीला दूध घालायला. नवरदेव त्यांचा भाचा. लग्नात नवी साडी, उघडी जीप, रस्त्याला धूळ. म्हणून त्यांनी वरून दिराचा शर्ट चढवला आणि तोंडाला रुमाल बांधला. शेतात जाताना बांधतात तसाच. चढ लागला आणि गेर अडकला.

“पुढचा एकबी पडंना. मागचा तेवढा पडत हुता. मुहूर्त जवळ आलेला. मग म्हणलं, मागच्यानं जाऊ.”

“पण वळवली कशी?” माझ्या तोंडून आलंच.

“वऱ्हाड कशाला हुतं? दिली ढकलायला सगळ्यांस्नी. आडवी केली, मग सरळ केली.”

अण्णांनी कपाळाला हात लावला. एवढे दिवस आम्ही गिअरबॉक्सच्या नावानं भांडत होतो.

“तुम्ही कुणाला सांगितलं कसं न्हाई?” भाईंनी विचारलं.

“भाच्यानं लिहिलं की त्या व्हिडिओखाली, ही माझी आत्या हाय म्हणून. लोकं हासली त्याला.” त्यांनी शेंगांची पाटी आमच्यापुढं सरकवली. “मला तरी कुणी इचारलं?”

भाईंनी टरबुजांची हकीकत सांगितली, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून खूप वेळ हसत राहिल्या. भाईंनी त्यांना अंबाजोगाईला यायचं आग्रहाचं बोलावणं दिलं. लोकांसमोर एकदा खरं काय ते होऊन जाऊ दे, म्हणाले.

त्या आल्या. योगेश्वरीच्या दर्शनाला म्हणून यजमानांना घेऊन, मोराची जीप स्वतः चालवत. आम्ही भाईंच्या दुकानाशी वाट बघत होतो. त्या उतरून भाईंशी बोलत होत्या तेवढ्यात कॉलेजची चार पोरं आली. भाई हात वर करून म्हणाले, “मैं नहीं! ह्या बघा, ह्या खऱ्या. ह्यांनीच चालवलेली.”

पोरं हसली. भाईंच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली आणि त्यातल्या एकानं मोबाईल त्या बाईंच्याच हातात दिला. “मावशी, तेवढा फोटो काढता का?”

मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होतो. पण त्यांनी मोबाईल घेतला, दोन पावलं मागं सरकून म्हणाल्या, “भाऊ, जरा हासा की.” आणि फोटो काढला. बरोबर मधे, कुणाचं डोकं न कापता.

नंतर मी त्यांना विचारलं, वाईट नाही वाटलं का?

“वाटलं थोडं. पण त्या पोरांना काय सांगत बसू? मला तुमची ती पांढरी बघायचीय.”

मोटार त्यांनी चारी बाजूंनी बघितली, बॉनेट उघडायला लावलं, वाकून आत हात घातला. मग किल्ली मागितली. मी शेजारी बसलो, यजमान मागं. आम्ही परळीच्या रस्त्याला लागलो. मोकळा रस्ता आला तसा त्यांनी पदर खोचला, काच खाली घेतली, आणि माझ्या मोटारीचा असा एकसारखा आवाज मी वडील गेल्यापासून ऐकला नव्हता.