‘हौ साब’ म्हणणारा आरोपी

ती घटना आजही आठवते, पण आठवण सुरू होते ती माझ्या फजितीपासून. मे महिन्यातली दुपार होती. पाठीला सॅक लावलेली, कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली. चेहरा गंभीर. मी तिला बसवलं, पाणी मागवलं आणि आवाज जमेल तितका मऊ करून म्हणालो, "घाबरू नकोस बेटा. महिला अधिकारी येतील, त्यांना सगळं सांग. कोण त्रास देतंय तुला?"

तिनं ग्लास रिकामा केला. "अजून तरी कोणी नाही, सर. मी तुमच्या कोठडीतल्या आरोपीची वकील."

बाहेर बसलेला हवालदार उगाचच खोकला.

प्रकरण असं होतं. पुण्याहून हैदराबादला नोकरीसाठी आलेली एक तरुणी तारनाक्याला भाड्यानं राहायची. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी इमारतीच्या जिन्यात एका माणसानं तिला मागून धरलं, तोंड दाबलं, अंगाशी झोंबला. तिनं कोपर मारून सुटका करून घेतली, तो पळाला. महिला उपनिरीक्षकांनी तिचा जबाब घेतला. त्या माणसाच्या अंगावर पाण्याचे कॅन पोचवणाऱ्यांचा निळा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. चेहरा तिनं पाहिला नव्हता, आणि तिनं तो पाहिल्याचं सांगितलंही नाही. ती रडत नव्हती. फक्त माझ्या केबिनमध्ये भिंतीला पाठ लावूनच उभी राहिली, खुर्चीवर बसेना. ते पाहून मी मनाशी ठरवलं, हा माणूस सुटता कामा नये.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. त्या गल्लीत कॅन देणारा एकच माणूस, राहायला मलकपेठेत. उचलून आणला. चाळिशीचा, काडीसारखा. ‘दुपारी कुठे होतास?’ विचारलं तर म्हणाला, फेरीवर. मालकाला फोन केला, तर मालक म्हणतो, त्या दिवशी हा कामावरच नव्हता. खोटं पकडलं गेलं! पोलिसाला याहून गोड काही नसतं.

मग मी चौकशीला बसलो. मारहाण मी कधी केली नाही, त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. मी शांतपणे विचारायचो. "जिन्यात तूच होतास ना?" "हौ साब." "मास्क लावला होतास ना?" "हौ साब." आमच्या हैदराबादेत ‘हौ’ म्हणजे हो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही, हे मला पाठ होतं. पण ती मिळाली की तपास करणाऱ्याचं मन भरतं, आणि भरल्या पोटी कोण शिकारीला जातं?

कोर्टात हजर केलं तेव्हा जजसाहेबांनी विचारलं, "वकील आहे का?" हा म्हणाला, "हौ साब." मागून त्याची बायको ओरडली, "झूट बोलरे साब! कोई नैं है!" तेव्हा कोर्टानं मोफत कायदेशीर मदतीतून वकील नेमून दिला. तीच ही सॅकवाली.

तरुणीला हे कळलं तेव्हा तिनं मला फोन केला. "सर, असल्या माणसालाही सरकार वकील देतं?" मी म्हणालो, "द्यावा लागतो." मनात म्हटलं, काय करणार, कायदा आहे.

चौकशी चालू असताना आरोपीला वकिलाला भेटता येतं. ती आधी त्याच्याशी एकटीच बोलली, मग मला आत बोलावलं. माझ्या पाटीवरचं आडनाव वाचून माझ्याशी पहिल्यापासून मराठीतच बोलत होती. मलकपेठेतल्या जुन्या मराठी वकील घराण्यातली होती. "सर, पाच मिनिटं. तुमच्यासमोरच विचारते."

त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "उस दिन जोर की बारिश हो री थी ना?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून, "हौ मैडम."

त्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. पावसाचा थेंब नव्हता.

ती जिंकल्यासारखं बोलली नाही. "सर, हे खाकी बघितली की सगळ्याला हो म्हणतात. त्या दिवशी ते कुठे होते, ते मला सांगितलंय, आणि तुम्हाला सांगायची परवानगीही दिलीय. रेसकोर्सला. बायकोपुढे मुलाची शपथ घेऊन घोड्यांवर पैसे लावणं सोडलं होतं, आणि ती रोज तुमच्या फाटकाशी डबा घेऊन उभी असते; तिला कळेल म्हणून बोलले नाहीत. रेसकोर्सच्या गेटवरचा कॅमेरा बघा. आणि तारनाक्याला शेजारच्या इमारतींचेही बघा. रेकॉर्डिंग थोड्या दिवसांनी आपोआप पुसलं जातं."

शेजारच्या इमारतींचे कॅमेरे आम्ही तपासलेच नव्हते. आमच्याकडे ‘हौ’ होता ना!

त्याच संध्याकाळी माणसं पाठवली. रेसकोर्सच्या गेटवर हा स्पष्ट दिसला, ऐन त्या वेळी. आणि तारनाक्याच्या मागच्या गल्लीत निळ्या युनिफॉर्ममधला भलताच माणूस पळत येऊन मोटरसायकलवर बसताना दिसला. गाडीच्या नंबरावरून तो सापडला. आधी तिथेच कॅन पोचवायचा. काम सुटलं, युनिफॉर्म त्याच्याकडेच राहिला. त्याच्या बरगडीवर कोपराच्या माराचा डाग अजून पिवळा होता. यालाही वकील मिळाला, आणि या वेळी ‘वकील आहे का?’ हे मी स्वतःच आधी विचारलं. आठवडा गेला असता तर ते रेकॉर्डिंग पुसलं गेलं असतं, आणि तो अजून कुठल्या तरी जिन्यात उभा असता.

मलकपेठेचा माणूस कोर्टाच्या हुकमानं सुटला. फाटकातच बायकोनं त्याला धरलं. "रेस कू गए बोलने कू शरम आई, और ये गंदगी मान लेने कू नैं आई?" त्यानं सवयीनं "हौ" म्हटलं आणि मग तिथेच पायरीवर बसून रडला. आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे बघत राहिलो.

तरुणी नंतर ठाण्यात आली. या वेळी खुर्चीवर बसली. "सर, म्हणजे माझ्यामुळे त्यांना...?"

"नाही. तुम्ही फक्त कपडे सांगितले होते. त्यात माणूस आम्ही घातला."

निघताना तिनं विचारलं, "त्या वकील मॅडमना माझे थँक्स सांगाल?"

मी सांगितले. आरोपीचा वकील म्हणजे फिर्यादीचा वैरी, असं मी सगळी नोकरी समजत आलो होतो. ज्याला ‘नाही’ म्हणायची हिंमत नसते, त्याच्या बाजूनं कोणीतरी ते म्हटल्याशिवाय खरा गुन्हेगारही सापडत नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

घरी विद्यानगरला आलो, जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवत असे. ऐकताना मध्ये बोलत नसे. शेवटी मी म्हणालो, "पण मी त्याच्या अंगाला बोटही लावलं नाही. मी काही वाईट अधिकारी नाही ना?"

तिनं माझ्या ताटात आमटी वाढली.

"असं ‘ना?’ लावून विचारायचं असेल," ती म्हणाली, "तर आधी मला वकील द्या."