पाचगणीच्या फोटोतली आई

आईला बोलतं करणं मला कधी जमलं नाही. मी समाजशास्त्र शिकवते. पीएच.डी.साठी वाळवा तालुक्यातल्या कित्येक बायकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांत आईची मुलाखत मात्र वहीच्या अर्ध्या पानात आटोपली. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर एकच, "सगळं बरं हाय. काय सांगायचं त्यात?"

म्हणून आमच्या विभागात नव्यानं शिकवायला आलेली मुलगी जेव्हा म्हणाली, "मॅडम, सरावासाठी एक मुलाखत हवीय, तुमच्या आई बोलतील का?" तेव्हा मी लगेच हो म्हटलं. खरं सांगते, तिची जरा जिरावी असंच मनात होतं. बायकांचा विरंगुळा हा तिचा विषय. प्रश्नावली वगैरे काही नाही, घरातलेच जुने फोटो समोर ठेवायचे आणि ऐकायचं. विद्यार्थी तिच्याभोवती घोटाळायचे, प्राचार्य मीटिंगमध्ये तिचंच कौतुक करायचे. ते मला खुपत होतं.

रविवारी ती सांगलीला आमच्या घरी आली. आईनं अल्बम काढून दिला. मी चहा ठेवायला आत गेले, पण कान बाहेरच होते.

तिनं पाचगणीचा फोटो काढला आणि आईला सुलटा दिसेल असा तिच्यापुढं ठेवला. टेबललँडवर माझे वडील, अण्णा, घोड्यावर, शेजारी आजोबा, काका-काकू, आणि कडेला आई. कडेवर चार वर्षांची मी, दुसऱ्या हातात डब्यांच्या पिशव्या, कपाळाला आठ्या. पाहुणे आले की हा फोटो मीच दाखवायची आणि सांगायची, आई घोड्याला घाबरली होती.

"काकू, फोटो काढून झाल्यावर काय झालं?" एवढंच विचारून ती गप्प बसली. मी असते तर लगेच पुढचा प्रश्न विचारला असता.

"घोड्याला कोण भितंय!" आई म्हणाली. "मला बसायचं हुतं. पर मामंजी म्हणालं, सुनंनं कशाला बसायचं? मग समदी कणसं खायाला गेली. मी म्हटलं, माझं डोस्कं दुखतंय, मी हितंच थांबती. आन् ती वळल्याबरुबर घोडंवाल्याला म्हटलं, दादा, मला एक चक्कर मारून आणा."

आणि आई खळखळून हसली. किती वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला. चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली कुणाला, तर तासाभरापूर्वी उंबरा ओलांडून आलेल्या पोरीला! मी धड न उकळलेला चहा गाळला आणि मुद्दाम बाहेर नेला. "घ्या, गार होईल." आईनं कप उचलला. मुलीनं रेकॉर्डर बंद केला.

ती गेल्यावर मी फोटो हातात घेतला. "मला कधी नाही सांगितलंस? तिला बरं सांगितलंस!" माझा आवाज चढला होता.

आई नवलानं बघायला लागली. "तुला काय सांगायचं? तू माझ्या म्होरं बसलीवतीस की! घोड्याची आयाळ धरून. लय हसत हुतीस." घरात आम्ही दोघीच होतो, तरी तिनं आवाज खाली आणला. "उतरल्यावर तुला म्हटलं, कुणाला सांगू नगंस हं. एवढंसं प्वार, पर अण्णांनी विचारलं तरी बोलली न्हाईस. पावण्यांना सांगायचीस, आई घोड्याला भ्याली, तवा मला वाटायचं, काय झाकून घेतीया माझी लेक!"

मला घोडा आठवत नव्हता. आयाळ आठवत नव्हती. आता मला त्या चार वर्षांच्या पोरीचाच हेवा वाटला. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

फोटो अजून माझ्याच बाजूला तोंड करून होता. मी तो फिरवून आईपुढं ठेवला.

"आई, मला यातलं काहीच आठवत नाही गं."

तिनं फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"म्हंजी एवढी वर्सं," ती म्हणाली, "मी एकटीच हुते व्हय त्या घोड्यावर?"