आईची भुशाची शेगडी

माझ्या आईला स्वतःची चूल मिळाली ती लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर, आणि तीही महायुद्धाच्या कृपेने. मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली, तेव्हा वडिलांनी तिला आणि आम्हा तीन भावंडांना लोणावळ्याला तुंगार्लीत, एका बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. स्वतः ते नोकरीसाठी गिरगावात थोरल्या काकांच्याच घरी राहिले आणि शनिवारच्या गाडीने येऊ लागले. काकांचं घर भरलेलं, माणसंही मायाळू. पण तिथे स्वयंपाकघर काकूंचं होतं. आईने भाजी चिरायची आणि फोडणी काकूंनी द्यायची. तेरा वर्षांत आईने आपल्या मनाने आमटीत गुळाचा खडा टाकलेला नव्हता.

तुंगार्लीत पहिल्याच दिवशी तिने आमटी केली, चाखली, गूळ घातला, पुन्हा चाखली आणि पुन्हा घातला. त्या गोडमिट्ट आमटीला आम्ही नावं ठेवली नाहीत, एवढी अक्कल आम्हाला होती.

आणि मग काय विचारता! काटकसर बऱ्याच बायका करतात, आईला त्यात गंमत वाटायची. वडिलांच्या विरलेल्या धोतराचे आधी पडदे झाले, पडद्यांच्या आमच्यासाठी उशा, आणि उशीही फाटली तेव्हा तिची भांडी पुसायची फडकी. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची, लाल भोपळ्याच्या बिया सोलून आम्हाला खाऊ म्हणून मिळायच्या. तांदळाच्या धुवणावर परसातला अळू असा माजला होता की बंगल्याचा माळीसुद्धा येऊन बघून गेला. "या घरात वाया जातो तो फक्त माझा शब्द," असं वडील म्हणायचे, पण ते म्हणताना त्यांचं तोंड हसरं असायचं.

एकच टांगती तलवार होती. काकांनी वडिलांना बजावलं होतं की लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चेष्टा नव्हे, पोरांचे हाल व्हायला लागले तर बिऱ्हाड मोडून सगळ्यांना परत आणायचं. आषाढात मी स्वतः येऊन बघेन, असंही ते म्हणाले होते. आई यावर काही बोलली नाही. बोलणार कशी? आमच्याकडे थोरल्या दिराशी बाईने समोरासमोर बोलायची रीत नव्हती. गिरगावात ती दाराआडून मला सांगायची, "काकांना विचार, भात वाढू का?" आणि दोन हातांवर बसलेले काका मला म्हणायचे, "आईला सांग, थोडाच." मी अकरा वर्षांची होते आणि त्या दोघांमधलं पोस्ट ऑफिस होते.

घोटाळा झाला तो आईच्या काटकसरीमुळेच. डोंगरावरच्या वाडीतली एक बाई डोक्यावर मोळी घेऊन दारावर यायची. वैशाखात ती आईच्या मागेच लागली.

"बाय, आत्ताच गाडीभर घिऊन ठिवा. आषाढात आमी रानात जात न्हाई."

"रोजच्या रोज एक मोळी पुरते मला मावशी," आई म्हणाली. "गाडीभर लाकूड ठेवू कुठे, डोक्यावर?"

"मंग चूल कशावर पेटवशिला?"

आई हसली. गिरगावात आख्खं आयुष्य गेलेली बाई ती. लागेल तेवढं रोज वाण्याकडून आणायचं, साठवून नासवायचं नाही, ही तिची शहाणपणाची व्याख्या. ही बाई आपल्या गळ्यात जास्तीचा माल मारते आहे, असंच तिला वाटलं. मावळातली माणसं पावसाआधी चार महिन्यांची बेगमी करतात ती हौस म्हणून नव्हे, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आषाढ लागला आणि मोळीवाली यायची थांबली. बाजारातलं लाकूड पिळलं तर पाणी निघेल असं. आई फुंकून फुंकून बेजार व्हायची, घरभर धूर कोंडायचा आणि धाकटा भाऊ खोकून खोकून रडायचा. दोन दिवस आम्ही दूध-पोहे खाऊन काढले. आणि तेवढ्यात वडिलांचं कार्ड आलं, की येत्या शनिवारी थोरले काका माझ्याबरोबर येत आहेत. आईने कार्ड दोनदा वाचलं आणि चुलीपुढे पाटावर बसून राहिली. मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच. धुराने डोळे गळत होते असं ती म्हणाली, पण चूल पेटलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोळीवाली उतरली, चिंबोऱ्या विकायला. आम्हाला खेकडे चालत नव्हते, पण आमची दशा बघून ती ओट्यावर टेकली.

"सांगितलं व्हतं का न्हाई?"

"चुकलंच माझं," आई सरळ म्हणाली. "आता काय करू ते सांगा."

"आमचं मानूस वखारीत करवत वढतंय. तितं छपराखाली भुशाचा ढीग पडलाय, कोरडा ठाक. कुनी इचारीत न्हाई त्याला. पर भुसा चुलीत जळायचा न्हाई बगा, नुसता धूर व्हतो."

आई एकदम उठली. गिरगावातला कोपऱ्यावरचा चहावाला डब्यात भुसा भरून दिवसभर आधण ठेवायचा, ते तिला आठवलं. त्याच दुपारी इरलं घेऊन आम्ही वखारीतून दोन पोती भुसा आणला. आईने रॉकेलच्या रिकाम्या डब्याच्या बाजूला तळाशी भोक पाडलं, त्यातून लाटणं आडवं सरकवलं, त्याच्या टोकावर टॉनिकची बाटली उभी धरली आणि भोवती भुसा भरला. बाटली काढली तर भुसा ढासळला. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा तिने भुशावर किंचित पाणी शिंपडलं आणि वरवंट्याने असा ठोकून ठोकून बसवला की बाटली आणि लाटणं काढलं तरी मधली विहीर जशीच्या तशी राहिली. खालून पेटता कागद घातला. थोडा धूर आला, मग तो ओसरला आणि आत लालबुंद निखारा धरला. चार तास! ना फुंकणी, ना खोकला. त्या दिवशी आईचा मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या माळिणीला हात धरून बघायला आणलं.

शनिवारी काका आले. एकाच शेगडीवर त्यांच्या अंघोळीचं पाणी तापलं, भात झाला, अळूचं फदफदं झालं, आमटी झाली. ओले कपडे शेजारी पालथ्या घातलेल्या टोपलीवर पसरून त्याच उबेवर वाळत होते. काकांनी स्वयंपाकघरात डोकावून नाक फुगवून वास घेतला आणि धूर न सापडल्यामुळे जरा खट्टूच झाले. जेवताना मात्र ते खुलले.

"हे बघ," ते वडिलांना म्हणाले, "हिच्यासारखी टुकीने संसार करणारी बाई इथे रानात कशाला? आपल्या घरी दहा माणसांना उपयोग होईल. मुंबईत आता भीतीही राहिली नाही. पुढच्या शनिवारी बिऱ्हाड हलवा."

वडिलांचा घास हातातच राहिला. मी तूप वाढत होते. दाराआडून आईचा आवाज आला, "काकांना सांग..." मी काकांकडे तोंड वळवलं.

"थांब, राहू दे," आई म्हणाली. "मीच सांगते."

ती पदर सावरून बाहेर आली. तिचे हात शेगडीच्या काजळीने काळपट झालेले होते.

"अशीच एक शेगडी मी करून देते, ती उद्या घेऊन जा. कशी भरायची ते जाऊबाईंना लिहून देते. मी मात्र इथेच राहते. ही चूल माझी आहे."

काकांनी आमटीची वाटी उचलली. मग त्यांनी ती तोंडाला लावून संपवली आणि माझ्यापुढे धरली.

"जरा गोड आहे," ते म्हणाले. "पण आईला सांग, आणखी वाढ म्हणावं."

मी वळले, तर आई पातेलं घेऊन त्यांच्या पानापाशीच उभी होती.