साडूची करंटची पेटी

सन १९६४. माझं वय अडतीस, शिक्षण चौथी नापास. आणि धामणगाव बढ्याच्या साऱ्या पंचक्रोशीत माझ्या साडूइतका शहाणा माणूस दुसरा नव्हता. हे मत त्याचंच. दुसऱ्या कोणाला तो मत विचारत नसे, त्यामुळं ते एकमतानं मंजूर होतं.

हा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, घर आमच्या समोर. गावात विजेचा खांबसुद्धा आला नव्हता, तेव्हा या गृहस्थानं जळगाव जामोदच्या बाजारातून एक लाकडी पेटी आणली. आत चुंबक न् तारेची रिळं, बाहेर फिरवायचा दांडा आणि पितळेच्या दोन मुठी. दांडा फिरवला की मुठी धरणाऱ्याच्या अंगातून मुंग्या धावत. तेव्हापासून जगातलं प्रत्येक दुखणं करंट कमी पडल्यानं होतं, असा याचा निकाल लागला. आपला करंट जमिनीत झिरपू नये म्हणून तो लग्नातही लाकडी खडावा घालून मिरवे. खाटेचे चार पाय चार पालथ्या बरण्यांवर चढवले. बरण्यांतलं लोणचं मडक्यात गेलं. दूध चोरणाऱ्या गायीला एकदा त्यानं तारा लावल्या. गायीनं पेटीला लाथ घातली, तर हा म्हणतो, "पाह्य, लागू पडला! वर्षभरात तिनं कधी पाय उचलला होता काय?"

अशा माणसाच्या हाती गळा द्यायची पाळी माझ्यावर आली. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की आमच्याकडं झडत्या म्हणतात. एका आळीनं दुसऱ्या आळीला खड्या आवाजात, यमक जुळवून टोमणे मारायचे. वरच्या आळीच्या झडत्या माझ्या आजानं म्हटल्या, बापानं म्हटल्या, मग मी. त्या साली कोळपणीत बैलांवर, गड्यांवर अन् सवडीनं बायकोवर ओरडून माझा गळा गेला. शब्द काढला की बाभळीचा काटा गिळल्यासारखं व्हायचं, आवाज फुटक्या घमेल्याचा. बायको म्हणाली, "जरा गप्प राहाना." ती असं म्हणाली म्हणून मी आणखी ओरडलो. खालच्या आळीचे लोक मोठ्या काळजीनं हसत हसत विचारू लागले, "औंदा झडत्या कोन म्हनन मंग?"

पोळा अठरा दिवसांवर आला तेव्हा मुकाट साडूकडं गेलो. त्यानं ओलं फडकं गुंडाळून एक मूठ माझ्या गळ्याला टेकवली, दुसरी हातात दिली अन् दांडा फिरवला. मी अशी बोंब मारली की छपरावरची कबुतरं उडाली.

"ओरडू नको बे! नस जागी होऊन राह्यली," साडू म्हणाला. मग पथ्य. "करंट मुराले पंधरा दिवस लागते. तवरिक एक शब्द काढला, त सारा करंट तोंडावाटे बाहीर. मंग मले बोल लावजो नको."

दुसऱ्या दिवसापासून मला काही लागेनासंच झालं. दांडा गरगर फिरे अन् मी मुठी धरून खांबासारखा ताठ. साडू ओट्यावरच्या लोकांना सांगे, "असा मर्द नाही पाह्यला. करंट हारला याच्यापुढं!" बोलायची बंदी, म्हणून मी मिशीला पीळ देई. पंधरा दिवस मी मुका. घरात इतकी शांतता झाली की बायकोनं पेटीला हळदकुंकू वाहिलं.

पोळ्याला तोरणाखाली तोंड उघडलं अन् गळा घंटेसारखा वाजला. दुखणं नावाला नाही. पहिली झडती साडूवरच टाकली:

"आरा रे आरा, पेटीत कोंबला वारा,
साडूनं फिरवला दांडा, गावाचा चढला पारा!"

"हर हर महादेव!" सारी आळी गरजली. साडू हसता हसता डोळे पुसत होता. मी तिथंच छाती ठोकून सांगितलं, "चौदा दिवस करंट घेतला, रोमही नाही हालला. दुसरा बाप्या दाखवा!"

दिवेलागणीला पुरणपोळी द्यायला त्याच्याकडं गेलो. पेटी उघडी पडली होती. पाहतो तर मुठीकडं जाणारी तार पकडीनं तोडलेली. मागं साडू उभा.

"कधी तोडली, भाऊ?"

"दुसऱ्याच दिवशी. पहिल्या दिवशी तू बोंबलला अन् होता तो गळाही बसला."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुले गप्प राह्य म्हटलं असतं, त राह्यला असता काय बे? तुही बायको सांगून थकली. मानसाचं तू आयकत नाही, म्हून पेटीले सांगाले लावलं."

मी पोळी ठेवली अन् काही न बोलता घरी आलो. पंधरा दिवसांचा सराव कामी आला.

आता साडू नाही. पेटी माझ्या कोनाड्यात आहे. वीज घरोघर आली, पण मला गप्प बसवील असा एकही दिवा निघाला नाही. उपकार मानायची आमच्या घराण्यात रीत नाही, म्हणून त्याला मी तसं कधी म्हटलं नाही. फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ओट्यावर गेलो. शाळेचे गुरुजी दुखरा गळा घेऊन मुठी धरून बसले होते. दांडा फिरला. गुरुजी म्हणाले, "मला तर काहीच जाणवत नाही." खालच्या आळीतला एक जण खिदळला, "पेटी मेली वाटते, भाऊ!" साडूचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, भिंतीकडं पाहिलं. मी उठलो, गुरुजींच्या हातातल्या मुठी घेतल्या, "फिरवा, भाऊ," म्हणालो, आणि आदल्या दिवशी साऱ्या गावापुढं रोम न हललेल्या मी नव्या गळ्यानं अशी बोंब ठोकली की छपरावरची कबुतरं पुन्हा उडाली.